पीराचं बकरं, मुगाचं वरण

खत न्यायला दुकानात आलेला माणूस हल्ली आधी माझ्या पायांकडं बघतो. सूज आहे की उतरली, हे त्याला बघायचं असतं. मग पोतं मोटारसायकलवर टाकता टाकता हळूच विचारतो, "इलासराव, आता काय खाताव?" मी सांगतो ते त्याला पटत नाही, कारण त्याच्या मोबाइलवर कालच दुसरं काही तरी आलेलं असतं. कुणी अंड्यांनी साखर घालवली म्हणतो, कुणी मोडाच्या मटकीनं. दोन्ही बाजूंनी मी स्वतः जाऊन आलोय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत बियाणं-खतांचं माझं दुकान आहे. डॉक्टर मी नाही. जे मला सांगितलं गेलं ते माझ्या शरीरापुरतं होतं, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

मटणात साखर कुठंय?

साखरेचा आजार मला दहा-बारा वर्षांपासून आहे. गोळी आठवली तर घ्यायची, दुकानात गर्दी असली की विसरायची, असा माझा कारभार होता. एका लग्नात लातूरकडच्या एका पाहुण्यानं मला ज्ञान दिलं. साखर धान्यात असते, मटणात साखर कुठंय? भाकरी बंद करा, मटण-अंडी खा, साखर आपोआप खाली. माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे होतं? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला आवडीचं पथ्य सांगत होतं.

मी भाकरी सोडली, भात सोडला, वरणसुद्धा सोडलं, कारण डाळ म्हणजे शेवटी धान्यच असं माझं मत झालं. सकाळी अंडी, दुपारी मटण, मटणाचं आळणी पाणी वाटीवाटीनं. माझी बायको सुमन वार पाळते. सोमवार, गुरुवार, शनिवार तिच्या चुलीवर मटण-अंडी चढत नाहीत. मी त्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत शेगडीवर अंडी उकडून खायचो. साखर खरोखरच उतरली, पोट आत गेलं. मग मी गिऱ्हाइकांना उपदेश करायला लागलो. माझ्या सांगण्यावरून दोघा-तिघांनी भाकरी सोडलीही. त्यांच्या बायका हुशार, त्यांनी ती आठवड्याभरात परत धरायला लावली.

सकाळी डोळ्यांखाली फुगायला लागलं ते सुमनला आधी दिसलं. लघवीला फेस यायचा, तो फक्त मला दिसायचा आणि मी तो कुणाला सांगत नव्हतो. साखर ताब्यात आहे ना, मग झालं, असं स्वतःला समजावत होतो. चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला तेव्हा सुमननं मला धरून धाराशिवला नेलं.

अंगठ्याचा खड्डा

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढून घेतला. तिथं खड्डा पडला आणि तो भरेना. पाऊस पडून गेल्यावर वावरात बोट रुतावं तसा तो दिसत होता. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडं बघत बसलो. मग रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली आणि दुपारी त्यांनी परत आत बोलावलं.

"किडनी म्हणजे गाळणी," ते म्हणाले. "तुमच्या गाळणीची भोकं मोठी झालीत. शरीराला लागणारं प्रोटीन लघवीतून निघून चाललंय."

"पण डॉक्टर, माझी साखर तर चांगलीय."

"आता चांगलीय. आधीची दहा वर्षं?"

 मी विचारलं, मटणानं झालं का? ते म्हणाले, "मटणानं झालं असं नाही. साखरेनं आणि बीपीनं झालं. पण बैल आधीच थकलेला होता आणि तुम्ही त्याला भरल्या गाडीला जुंपून चढावर आणलं." प्रोटीन आता मोजून आणि शक्यतो डाळीतून घ्यायचं, मीठ कमी, सोलापूरला किडनीच्या डॉक्टरांना दाखवायचं, असं त्यांनी सांगितलं. डायलिसिस हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. तो लागू नये म्हणून हे सगळं, असं म्हणाले.

परत येताना वाटेत येडशी लागली. तिथं एसटी थांबली, माणसं चढली-उतरली. मग सुमननं विचारलं, "पोरीला आत्ताच सांगायचं का?" आमची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. मी म्हणालो, नको. सुमन खिडकीकडं तोंड करून रडली, आणि मी समोरच्या सीटवरच्या जाहिराती वाचत राहिलो, कारण मला फार भीती वाटत होती आणि ती तिला दिसू द्यायची नव्हती.

दोन खाटा

सोलापूरची तारीख मिळण्याआधीच मला ताप भरला आणि श्वास लागला. छातीत पाणी झालं होतं. गाडी करून तुळजापूरवरून सोलापूरला नेताना घाटात मला वाटलं, आता काही आपण परत येत नाही. दवाखान्यात तोंडाला ऑक्सिजन लावला, हाताला सुया टोचल्या, आणि तीन-चार दिवसांचं मला तुटक तुटकच आठवतं.

नंतर वॉर्डात आणलं. तिथला दिवस म्हणजे सगळं मोजण्याचा दिवस. सकाळी वजन, मग पाणी किती प्यायलं ते, मग लघवी किती झाली ते. पाण्याची बाटली संपली की संपली. सिस्टर प्रेमळ होत्या, पण घोटभर जास्त द्यायच्या नाहीत. वॉर्डासमोरच काचेचं दार होतं आणि त्याच्या आत डायलिसिसची यंत्रं. माणसं हाताला नळ्या लावून पडलेली असायची, काहीजण मोबाइल बघायचे. मी पहिले काही दिवस त्या दाराकडं पाठ करून झोपलो.

शेजारच्या खाटेवर मल्लप्पाअण्णा होते. उमरग्याकडचे लिंगायत, भुसारचे व्यापारी, गळ्यात लिंग. घरच्यांशी फोनवर कानडीत बोलायचे आणि माझ्याशी मराठीत. मी त्यांना माझी मटणाची कथा सांगितली.

"म्या जल्मात अंड्याला शिवलो न्हाय," ते म्हणाले. "आमच्या सात पिढ्यांत कुणी शिवलं न्हाय. तरी ह्या दाराच्या आत म्या हाय अन् तुमी बाहीर."

त्यांनाही साखरच होती. किडनी पूर्ण गेल्यामुळं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यात प्रोटीन निघून जातं म्हणून आहाराच्या बाई त्यांना सांगत होत्या, अण्णा, जास्त खा, अंड्याचा पांढरा भाग तरी खा. आणि त्याच बाई दोन पावलं पुढं येऊन मला सांगायच्या, काका, तुम्ही कमी खा, अंडी-मटण नको, मुगाचं वरण घ्या. एका आजाराला दोन उलटे सल्ले. मी एकदा म्हणालो, "अण्णा, आपण ताटंच बदलून घेऊ." ते हसले, मग खोकला आला, मग पुन्हा हसले. त्यांनी अंडं काही घेतलं नाही; बाईंनी मग पनीर, ताक, डाळ असं काही तरी जुळवून दिलं. मांसाहारानं मला बुडवलं आणि शाकाहार तारील, असं जे माझं गणित चाललं होतं ते त्या माणसाकडं बघून गडबडलं. साखर ताब्यात ठेवली नाही तर ती ताटात काय वाढलंय ते विचारत बसत नाही.

सुमन व्हरांड्यात चटई टाकून झोपायची. भेटायला येणारा प्रत्येकजण मला विचारायचा, बरं वाटतं का? एके दिवशी नळावर डबा घासून आल्यावर ती म्हणाली, "मी जेवले का, ते कुणी इचारतच न्हाय." तक्रारीच्या सुरात नव्हती म्हणाली. मीही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज विचारतो, आता तिला त्याचाही कंटाळा आलाय.

आईनं काय केलं

आई गावाकडं असते, वाशीपासून जवळच, थोरल्या भावाजवळ. भास्करदादा शेती बघतो. वडील गेल्यावर आईनं तुळशीची माळ घातली, तेव्हापासून ती मटणमच्छीला शिवत नाही. तिची भांडी वेगळी, चूल वेगळी. दादाच्या पोरांना मटण खायचं असलं तर अंगणात तीन दगड मांडून वेगळ्या पातेल्यात शिजतं, आणि आई तेवढा वेळ शेजारी जाऊन बसते. वाऱ्यानं वास आला तरी पदर नाकाला लावते.

मी दवाखान्यातून सुटून गावी गेलो तेव्हा तिनं माझ्या दोन्ही नडग्या चाचपून बघितल्या. मग म्हणाली, "पीराला बोलल्याय म्या. पोरगं पायानं चालत घरी आलं तर कंदुरी करीन."

आमच्या शेताच्या बांधाला एक पीर आहे. हिंदू-मुसलमान सगळेच त्याला मानतात. कंदुरी म्हणजे त्याच्या नावानं बकरं कापायचं, मुजावरानं फातिया द्यायचा आणि तिथंच शिजवून सगळ्यांना जेवू घालायचं. माळ घातलेल्या बाईनं बकऱ्याचा नवस बोलावा, एवढी ती घाबरली होती. मी ऑक्सिजनवर असल्याचं दादानं फोनवर सांगितलं होतं, त्याच पावली ती अनवाणी बांधावर गेली होती.

सुमननं आईला विचारलं, "अत्या, मलिदा न्हाय का चालायचा?" आणि विचारता विचारताच तिच्या लक्षात आलं की मलिदा म्हणजे गूळ-तूप. गोडानं साखर वाढणार, मटणानं किडनी जाणार. माझ्यासाठी पीराकडं काहीच शिल्लक नव्हतं.

"बोलले ते बोलले," आई म्हणाली. "त्याला जे चालतंय तेच बोलावं लागतंय. माझ्या आवडीचं बोलून कसं भागंल?"

आणि आमच्या घराण्यात कंदुरीची एक रीत आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला त्याचं ताट पहिलं वाढायचं. काळीज, नळी, रस्सा, भाकरी. ते ताट त्यानं पुरतं संपवायचं, त्यात शितही उरू द्यायचं नाही. उरलं तर नवस फिटला असं धरत नाहीत. दादानं त्याच आठवड्यात दावणीचं एक बकरं वेगळं बांधलं.

वाटी

मधल्या काळात मी दुसऱ्या टोकाला गेलो. मटण बंद म्हणताच मी ठरवलं की झाडावर येतं ते सगळं पोटाला चांगलं. माझ्या दुकानात तूर, हरभरा, सोयाबीन, सगळ्याचं बियाणं मी विकतो. माझा त्यांच्यावर भरवसा. सकाळी मोडाची मटकी, दुपारी घट्ट वरण, संध्याकाळी हुलग्याचे शेंगुळे, वर सोयाबीनच्या वड्या. पुढच्या तपासणीत रिपोर्ट सुधारायच्या ऐवजी बिघडला. आहाराच्या बाई चिडल्या नाहीत, त्यांनी टेबलावर एक लहान वाटी ठेवली. "काका, डाळ चांगली आहे. पण ती पण मोजून. एवढी."

त्या वाटीनं आमच्या घरात भांडणं लावली. माझ्या तोंडाला चव नव्हती, मीठ नव्हतं, आणि समोर ती बाहुलीच्या खेळातल्यासारखी वाटी. एक दिवस मी ती जोरात सरकवली आणि वरण ओट्यापर्यंत उडालं. सुमननं फडकं घेतलं, पुसलं, वाटी धुतली आणि पुन्हा तेवढंच वरण घालून समोर ठेवलं.

"तुमची किडनी गेली तर माझी द्यायला मी तयार हाय," ती म्हणाली. "पण वाटी मी मोठी करणार न्हाय."

मी जेवलो. मला लाज वाटली, रागही आला, आणि या बाईच्या जिवावर आपण उभे आहोत हेही कळलं. हे सगळं एकाच घासात.

तरी मन कुठं ऐकतं? पाहुण्यांत एका पोराचं जावळ होतं, तिथं मटण होतं. एकच तुकडा, म्हणून बसलो आणि ताट पुसून उठलो. तिथून गावी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पाय चपलेत जाईनात. आईनं गरम पाणी आणून दिलं, शेजारी बसली आणि नडगीवर अंगठा दाबून बघितला. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं; सुमन माझे पाय असेच तपासायची, तिचं बघून शिकली. खड्डा पडला. ती पाण्याचं भांडं उचलून आत गेली, म्हणून मला वाटलं तिच्या लक्षात आलं नसेल.

कंदुरीचा दिवस

कंदुरी ठरली तसं मी सोलापूरच्या डॉक्टरांना विचारलं. खरं सांगायचं तर मी परवानगी काढायलाच गेलो होतो. ते म्हणाले, "एका तुकड्यानं काही होत नाही. नवसाचा आहे, खा एक. पण एकावर थांबाल का?"

"थांबीन की."

सुमननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमची किडनी अगदी काठावर उभी आहे. तिला धक्का लागला तर परत आणता येणार नाही मला."

मी घरी येताना मनाशी ठरवून टाकलं होतं की पुरं ताट खायचं. आईचा नवस आहे, अर्धवट कसा सोडायचा? असं मी स्वतःला सांगत होतो. आतून मला माहीत होतं की मला मटण खायचं होतं. कित्येक महिने मी त्या वासासाठी तडफडलो होतो, आणि आता पीरानंच पान मांडलं होतं. सुमनला मी यातलं काही बोललो नाही.

सकाळी बांधावरच्या लिंबाखाली सगळे जमले. मुजावर बाबुभाईंनी ऊद लावला, फातिया दिला. दादा आणि भावकीतली माणसं मोठ्या पातेल्याभोवती उभी होती. आई लांब, बोअरच्या हौदापाशी पाठ करून बसली होती. सुमननं माझा डबा आणला होता: मुगाचं वरण, अर्धी भाकरी, दोडक्याची भाजी. तो तिनं माझ्या पिशवीजवळ ठेवला आणि ती बायकांत गेली.

पंगत बसली. पीरापुढं दाखवून आणलेलं ताट दादानं माझ्यापुढं ठेवलं. लाल तर्री, मधोमध काळीज, दोन नळ्या. "घे इलास, तुज्यापसनं सुरुवात," दादा म्हणाला. बाकीचे माझ्या पहिल्या घासासाठी थांबले होते. मी भाकरी मोडली आणि रश्श्यात बुडवली.

तेवढ्यात माझ्या मनगटावर हात आला. आई हौदापासून उठून, वाढलेल्या पंगतीतून चालत आली होती. वासानं पदर नाकाला लावणारी बाई माझ्या शेजारी, त्या ताटाला गुडघा लागेल अशी बसली. माझ्या हातातला घास तिनं काढून ताटात ठेवला.

"सुमन, हिकडं ये," ती म्हणाली. मग दोन्ही हातांनी गळ्यातली माळ वर घेतली. माळ अंबाड्यात अडकली. सुमननं केस मोकळे करून ती सोडवली. "धर. खाली ठिवू नगंस."

मग आई मुजावरांकडं वळली. "बाबुभाई, लेकाच्या नावचं ताट मायनं खाल्लं तर चालंल का?"

बाबुभाई बावरले. "मला काय ठावं, मावशी. आजवर कुणी इचारलंच न्हाय." मग म्हणाले, "खावा तुमी. पीर घील समजून."

दादा म्हणाला, "आये, आगं माळकरी तू…"

"माळ सुमनपशी हाय."

तिनं खायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडात हे गेलं नव्हतं आणि आता दातही फारसे नव्हते. काळीज चावलं जाईना, ते तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. नळी तिला धरता येईना, मी मदतीला हात पुढं केला तर तिनं मान हलवली. तिखटानं डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ते सगळं तिखटाचंच होतं असं मी म्हणणार नाही. पंगतीत कुणी जेवत नव्हतं. मी तिच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं, कारण ते ताट खायची मला किती इच्छा होती ते मला ठाऊक होतं, आणि आता कळत होतं की तिलाही ठाऊक होतं.

भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं तिनं ताट पुसून घेतलं. "झालं," ती म्हणाली. "फिटला. आता तुझा डबा काढ."

मी डबा उघडला आणि वरण खाल्लं. आई हौदापाशी गेली आणि बोअरच्या पाण्यानं कितीतरी वेळ तोंड धूत राहिली. सुमन माळ ओंजळीत धरून तिच्या शेजारी उभी होती.

त्यानंतर

त्या दिवसापासून मी मटणाला हात लावलेला नाही. मला मटण आवडेनासं झालं असं अजिबात नाही; बाजारच्या दिवशी वास आला की अजूनही पाय रेंगाळतात. वाटीभर वरण, कधी ताक, क्वचित अंड्याचा पांढरा भाग, तोही डॉक्टरांनी सांगितला तेव्हा. गोळ्या वेळेवर. दुकानात आता कुणाला सल्ला देत नाही. आधी किडनी तपासून घ्या आणि मग काय सोडायचं, काय धरायचं ते आपापल्या डॉक्टरांना विचारा, एवढंच सांगतो. मल्लप्पाअण्णांचा अधूनमधून फोन येतो. ते यंत्रावर पडल्या पडल्या बोलतात, आणि आम्ही एकमेकांना आज काय जेवलो ते सांगतो.

आईची माळ गावाकडच्या देव्हाऱ्यात आहे. सप्त्यात महाराज आले होते, त्यांना दादानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, आजी, काही दोष नाही, या, मी परत घालतो. आई गेली नाही. सुमननं कारण विचारलं तर म्हणाली, "पुन्यांदा ह्याच्यासाठी खायची येळ आली तर? माळ काय सारखी काढायची-घालायची वस्तू हाय व्हय?" मटण ती तेव्हाही खात नव्हती, आताही खात नाही. चूल वेगळी, भांडी वेगळी, सगळं तसंच आहे. फक्त गळा मोकळा आहे, आणि बोलताना तिचा हात सवयीनं तिथं जातो.

मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, किडनी होती तिथंच थांबलीय, खाली गेली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा ते हसले. मी सोलापूरहून वाशीला न थांबता सरळ गावी गेलो. आई सोप्यात बसून तूर निवडत होती. मी तिच्यापुढं पाय पसरले आणि म्हणालो, "दाब." तिनं अंगठा दाबला, काढला, निरखून बघितलं. खड्डा पडला नाही.

"डॉक्टर काय म्हनले?"

"चांगलंय म्हणाले. आता माळ घाल, आई. मी दादाला सांगतो, उद्याच जाऊ."

"पुन्हा कवा तपासायचंय?"

"तीन महिन्यांनी."

"मग राहू दे."

"आई, हे तपासणं आता जन्मभर चालणार आहे."

"ठावं हाय की मला," ती म्हणाली, आणि सूप मांडीवर ओढून पुन्हा खडे वेचायला लागली.